क्रिटात चित्र, स्क्रायबसमध्ये अक्षर: मराठी चित्रकथेसाठी फुकटची जोडी कितपत चालते?

दिवाळी अंकाची आतली चित्रं, पाठ्यपुस्तकांची कामं, एखाददुसरं मुखपृष्ठ आणि मधल्या मोकळ्या महिन्यांत स्वतःची चित्रकथा. मराठीत चित्रं काढून पोट भरणाऱ्याचं वर्ष साधारण असं जातं. यातलं कुठलंच काम इतकं नियमित येत नाही की त्यावर दरमहा सॉफ्टवेअरचं भाडं भरत बसावं. म्हणून इथे चित्रं काढायचं क्रिटा 5.2 आणि पानांची मांडणी करायचं स्क्रायबस 1.6 ही जोडी पाहिली आहे. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. कसोटी एकच: डेमी 1/8 आकाराची, मराठी संवादांची चित्रकथा या दोघांवर तयार करून ऑफसेट छपाईला देता येते का?

येते. फक्त सगळं एकट्या क्रिटात उरकायला जाऊ नका. अक्षरांपाशी घोडं अडतं.

क्रिटा हे नाव ऐकायला आपल्या 'कृत'सारखं वाटतं. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ खडू. क्रिटाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच विकत मिळतं आणि तो पैसा विकासाला जातो. अँड्रॉइड टॅबलेटवरही चालतं, पण तिथे पायथनची प्लगइन चालत नाहीत. म्हणजे चित्रकथेची पानं सांभाळणारं 'कॉमिक्स मॅनेजर' टॅबलेटवर मिळणार नाही. कच्ची रेखाटनं टॅबलेटवर, बाकी संगणकावर, अशी वाटणी बरी.

सुरुवात पानाच्या मापापासून. डेमी 1/8 म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड) धरलं आणि 600 डीपीआय (दर इंचाला ठिपके) ठेवलं की कॅनव्हास 3442 × 5242 पिक्सेलचा होतो. रेघेच्या कामाला 300 डीपीआय पुरत नाही. पडद्यावर सगळं गुळगुळीत दिसतं, छापून आल्यावर तिरप्या रेघांच्या कडा मऊ पडतात. एवढ्या कॅनव्हासवर पूर्ण भरलेला आरजीबीचा (म्हणजे पडद्यावरच्या रंगांचा) एक लेअर, म्हणजे चित्राचा एक थर, सुमारे 72 एमबी मेमरी खातो, ग्रेस्केलचा त्याच्या निम्मी. क्रिटा रिकाम्या भागाला जागा अडवत नाही, त्यामुळे शाईचा लेअर पुष्कळ हलका राहतो; जड होतात ते भरीव रंगांचे लेअर. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कृष्णधवल पान आरामात होतं. त्याच मशीनवर वीस लेअरचं रंगीत पान मात्र धापा टाकायला लागतं.

शाईसाठी भारंभार ब्रश उतरवायची गरज नाही. 'इंक-2 फाइनलायनर' चौकटींना, 'इंक-3 जीपेन' माणसांना आणि 'इंक-7 ब्रश रफ' केस, झाडं, सावल्यांना. एवढ्या तिघांवर अख्खं पुस्तक निघतं. हात थरथरत असेल तर टूल ऑप्शन्समध्ये 'स्टॅबिलायझर' लावा, पण अंतर फार वाढवू नका. रेघ सरळ होते आणि मेलेली दिसते. लांब वळणापुरता स्टॅबिलायझर, चेहऱ्याला 'बेसिक' किंवा 'वेटेड', हा हिशेब चांगला. एम दाबलं की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटतं. नाक कुठे वाकडं गेलंय ते लगेच कळतं. 4 आणि 6 ने कागद फिरतो, 5 ने परत सरळ होतो.

नव्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली: पेनचा दाब लागत नाही, रेघ सगळीकडे सारखीच जाड. विंडोजवर बहुतेक वेळा दोष पेनचा नसतो. सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, टॅबलेट सेटिंग्ज इथे 'विनटॅब' आणि 'विंडोज इंक' असे दोन पर्याय आहेत. एक चालत नसेल तर दुसरा निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा.

सपाट रंगांसाठी 'कलराइझ मास्क' हे क्रिटाचं खरं बलस्थान. शाईच्या लेअरवर मास्क लावायचा, सदऱ्यावर एक निळा फराटा, धोतरावर एक पांढरा, आकाशावर एक पिवळा मारायचा आणि 'अपडेट' करायचं. प्रत्येक रंग आपापल्या रेघेपर्यंत पसरतो. रेघेत फट राहिली असेल तर 'गॅप क्लोज हिंट' वाढवा. पण हे 600 डीपीआयच्या पानावर केलंत तर प्रत्येक अपडेटला चहा करून यायला वेळ मिळेल. पानाची 300 डीपीआयची प्रत काढून त्यावर रंग भरा, मास्कचा पेंट लेअर करून घ्या. रंगाला 300 पुरतात, रेघेला 600 लागतात. त्यामुळे दोन्ही पुढेही वेगळीच राहू द्यायची आहेत.

ऑटोसेव्ह दर काही मिनिटांनी होतं. त्यावर विसंबू नका; कंट्रोल-ऑल्ट-एसने दर टप्प्याला नवी क्रमांकित प्रत तयार होते.

आता अक्षरं. क्रिटा 5.2 मध्ये देवनागरी फुटत नाही, वेलांटी जागेवर बसते, जोडाक्षरं नीट जुळतात. अडचण वेगळी आहे. मजकूर चित्रावर थेट टाइप होत नाही, त्यासाठी वेगळी खिडकी उघडते. तिथे लिहायचं, सेव्ह करायचं, फुग्यात कसं बसलं ते पाहायचं, परत खिडकी उघडायची. एका पानावर आठ फुगे असले आणि प्रत्येकाला तीन फेऱ्या झाल्या की कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस शब्द बदलायचं सोडून फुगाच ताणतो. एखादी पाटी, दुकानाचं नाव, वर्तमानपत्राचा मथळा यापुरतं हे चालेल. संवाद स्क्रायबसमध्येच लावा.

स्क्रायबसची आवृत्ती मात्र बघून घ्या. जुन्या 1.4 ला देवनागरीची जुळणी येत नाही. 'कि' लिहिलं की वेलांटी 'क'च्या उजवीकडे पडते. 1.5.3 पासून ही व्यवस्था आली आणि जानेवारी 2024 मध्ये आलेल्या 1.6 या स्थिर आवृत्तीत ती आहे. 'स्क्रायबसमध्ये मराठी होत नाही' असं कुणी ठणकावून सांगत असेल तर त्याने 1.4 वर हात टेकलेले असतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांचंही असंच होतं: मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांवर नेल्याशिवाय मराठी मोडकीच दिसायची आणि दोष फाँटला लागायचा.

फाँट निवडताना आधी एक वाक्य टाइप करून बघा: 'दुसऱ्या कॅप्टनने ॲल्युमिनियमची किटली मठ्ठ वऱ्हाड्याच्या शालीत लपवली.' यात मराठीचे बहुतेक खाचखळगे येतात. 'ऱ्या'तला अर्धा र नीट दिसतो का, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो का, 'ठ्ठ' एकाखाली एक बसतो की हलन्त लावून सुटतो, ते तपासा. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येत असतील तर फाँटमध्ये मराठी रूपं आहेत का पाहा. ज्या फाँटांत ती असतात, तिथे मजकुराची भाषा 'मराठी' नेमल्यावर ती वर येतात. संवादांना 'मुक्ता' चांगला: सात वजनं आहेत, लहान आकारात वाचनीय राहतो. 'कलम' हस्ताक्षरी आहे, डायरीच्या किंवा पत्राच्या चौकटीला शोभतो, पण पानभर लावला की डोळे थकतात. आरडाओरड्याला 'बलू 2'चं जाड वजन. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन' पाट्यांसाठी फार छान, संवादाला नको. चारही फाँट खुल्या परवान्याचे आहेत, छापील पुस्तकात वापरायला पैसे पडत नाहीत.

मुक्ता 9.5 पॉइंटला ओळींतलं अंतर 13 पॉइंट, 'फिक्स्ड' करून ठेवा. 'ऑटोमॅटिक' ठेवलं तर फाँट बदलला की अंतर बदलतं आणि फुग्यातली शेवटची ओळ खाली गळते. देवनागरीला वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार लागतात, म्हणून इंग्रजी कॉमिकच्या मापाचं अंतर इथे चालत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. जस्टिफाय करू नका, मजकूर मध्यावरच ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोह तर पूर्ण टाळा, कारण शिरोरेषा तुटून अक्षरांचे मणी होतात.

फुग्याचा आकार हा खास मराठी प्रश्न आहे. हिंदीत 'उसके बारे में भी' हे चार तुकडे, हवे तिथे ओळ मोडता येते. मराठीत 'त्याच्याबद्दलसुद्धा' हा एकच अखंड ओंडका. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहायची पद्धत असल्यामुळे आपले शब्द लांबतात, आणि फुग्यात हायफन टाकून शब्द मोडणं वाईट दिसतं. तेव्हा मराठी फुगा उभट नको, आडवा हवा. चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात कच्च्या रेखाटनातच जागा सोडा. चित्र पूर्ण झाल्यावर फुगा शोधायला निघालात तर तो कुणाच्या तरी डोक्यावर बसणार.

जाड अक्षराला बाहेरून पांढरी किंवा रंगीत किनार दिली की आणखी एक घोटाळा दिसतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. किनार प्रत्येक अक्षराला वेगळी लागते आणि शिरोरेषेत जोडाजोडाला काप दिसतात, डबा जोडलेल्या मालगाडीसारखे. उपाय सोपा आहे: तेवढा शब्द इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्राममध्ये घ्या, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, गट सोडवा, मग 'युनियन' करा आणि किनार त्यानंतर लावा.

'धप्पकन', 'खाडकन', 'चर्रर्र', 'फुस्स' हे आवाज मात्र फाँटमध्ये टाकूच नका. आवाजांच्या शब्दांत मराठी गब्बर आहे, ते क्रिटात हाताने काढा. 'खाडकन'ची शिरोरेषा मधोमध तडकू द्या, 'चर्रर्र'चे रफार तेलाच्या थेंबांसारखे उडू द्या. एकच पथ्य: ते वेगळ्या लेअरवर असू द्यात.

हा वेगळेपणा धंद्याच्या कामाचा आहे. संवाद स्क्रायबसमध्ये आणि आवाज सुट्या लेअरवर असले, तर तीच चित्रं उद्या हिंदीत, कोकणीत किंवा इंग्रजीत जाऊ शकतात. चित्राला हात लावावा लागत नाही. शि. द. फडणीसांच्या हास्यचित्रांना ही अडचण कधी आलीच नाही, ती बिनशब्दांची. बाकीच्यांना मजकूर सुटा ठेवावा लागतो.

छपाईकडे जाताना सगळ्यात महाग चूक काळ्या रंगाची. आरजीबीतला काळा सीएमवायकेत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी या छपाईच्या चार शायांत) बदलला की तो चारही शायांच्या प्लेटांत वाटला जातो. प्लेट केसभर सरकली तरी साडेनऊ पॉइंटच्या अक्षराला निळी-गुलाबी सावली येते. अक्षरं स्क्रायबसच्या 'ब्लॅक' रंगात ठेवा; तो फक्त काळ्या प्लेटचा, 100 टक्के. यादीत 'रजिस्ट्रेशन' नावाचाही काळा दिसतो, तो चारही प्लेटांवर पडतो आणि फक्त छापखान्याच्या खुणांसाठी असतो. शाईची रेघ क्रिटातून ग्रेस्केल टिफ म्हणून काढा. रंगीत पानात रंगाची प्रतिमा खालच्या लेअरवर, रेघ वरच्या लेअरवर 'मल्टिप्लाय'मध्ये, आणि पीडीएफ काढायची ती छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स-4 प्रकारात. छापखाना एक्स-4 घेतो का, हे काम सुरू करण्याआधी विचारा. पीडीएफ काढताना प्रतिमांचं कॉम्प्रेशन 'ऑटोमॅटिक'वरून 'लॉसलेस - झिप'वर न्या आणि कमाल रिझोल्यूशनची चौकट रिकामी ठेवा, नाहीतर रेघेभोवती जेपेगची धूळ दिसते. घोस्टस्क्रिप्ट हा जोडप्रोग्राम बसवलेला असेल तर प्रिंट प्रिव्ह्यूत एकेक प्लेट उघडून पाहता येते. निळी, गुलाबी, पिवळी प्लेट पाहताना संवाद दिसले तर पीडीएफ परत काढा.

पुष्कळ छापखान्यांत पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडून इम्पोझिशन, म्हणजे मोठ्या कागदावर पानांची मांडणी, लावतात. तिथे फाँट नसला की मराठीची खिचडी होते. त्यांना द्यायच्या प्रतीत मजकूर आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका. स्वतःकडे मजकूर जिवंत असलेली प्रत ठेवाच, कारण शुद्धलेखनाची शेवटची दुरुस्ती नेहमी आउटलाइननंतरच येते.

फोनसाठी फार काही वेगळं नाही. 1080 × 1350 च्या चौकटीत अक्षर 36 पिक्सेलच्या खाली नेऊ नका, आणि चार चौकटींचं पान तसंच्या तसं टाकण्यापेक्षा चौकटी सुट्या करून लावा.

प्रकाशकाला पीडीएफ आणि टिफ द्या. लेअरवाली क्रिटाची फाइल मागितली तर तिचा वेगळा दर लावा; त्या फाइलमधून पुढची दहा उत्पादनं निघू शकतात. करारात हक्क किती वर्षांसाठी दिले तो आकडा लिहून घ्या. हक्क हस्तांतरित केले आणि मुदत लिहिली नाही, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19(5) नुसार ती 5 वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर ते हक्क भारतापुरतेच धरले जातात.