ग्रेप की पॅटर्न्स: नावावरून कॉलम उचलताना

आर या आकडेमोडीच्या भाषेत डेटा.टेबल हे तक्ते हाताळायचं पॅकेज वापरत असाल आणि साठ-सत्तर कॉलमांतून ‘पाऊस_’ने सुरू होणारे तेवढेच हवे असतील, तर माझ्या मते दोनच वाटा विचारात घेण्याजोग्या आहेत. टेबलाच्या नेम्सवर, म्हणजे कॉलमांच्या नावांवर, ग्रेप (मजकुरात नमुना शोधणारं फंक्शन) चालवून ‘विथ = फॉल्स’ (आलेलं उत्तर ही कॉलमांची यादी समज, असं सांगणारं) लावायचं, नाहीतर .एसडीकॉल्समध्ये, म्हणजे कोणते कॉलम घ्यायचे ते सांगायच्या जागी, थेट पॅटर्न्स लिहायचं. मी कित्येक वर्षं ग्रेपवरच होतो. ती सवय एका चुकीमुळे सुटली.

तालुकावार पावसाचं टेबल होतं. आधी तालुका, वर्ष, मग जून ते सप्टेंबरचे चार पाऊस-कॉलम, पुढे तापमान वगैरे. नंतर २०१८चं टेबल आलं, त्यात सुरुवातीलाच ‘जिल्हा’ हा एक कॉलम जास्तीचा. मी जुनी ओळ उचलून डकवली, बाहेरचं टेबलाचं नाव बदललं, पण नेम्सच्या कंसातलं बदलायचं राहून गेलं. ग्रेप मुळात नावं देत नाही, क्रमांक देतो. जुन्या टेबलावरून त्याने ३ ते ६ दिले आणि नव्यात तिसरा कॉलम होता ‘वर्ष’. सप्टेंबर गळला, आणि प्रत्येक तालुक्याच्या बेरजेत २०१८ मिलिमीटर जास्तीचा पाऊस पडला. ना एरर, ना वॉर्निंग. कोकणातले आकडे जरा चढे वाटले, पण तिथे पडतोच म्हणून मी पुढे गेलो. दुष्काळी सांगोल्यासमोर दोन हजारांच्या वरचा आकडा दिसला तेव्हा हात थांबला. तोवर दोन तक्ते पुढे गेले होते.

पॅटर्न्समध्ये ही चूक करायला जागाच नाही. टेबलाचं नाव दुसऱ्यांदा लिहावं लागत नाही. ज्या टेबलाच्या चौकटी कंसात आपण आहोत, त्याच्याच कॉलमांवर शोध चालतो. एकामागून एक चौकटी कंस जोडलेल्या चेनमधल्या मधल्या टेबलाला तर नावच नसतं, तिथेही हे बिनघोर चालतं. वगळायचे असतील तर आधी उद्गारचिन्ह. ही सोय .एसडीकॉल्समध्ये २०१९ च्या १.१२.० आवृत्तीपासून आली. त्याआधी पॅटर्न्स फक्त मेल्टमध्ये, म्हणजे रुंद टेबल लांब करणाऱ्या फंक्शनमध्ये, चालायचं. तिथून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मेल्टमध्ये दोन पॅटर्न दिले की दोन वेगळे गट होतात, इथे मात्र दोन्हींत बसणारेच कॉलम मिळतात. ‘हा किंवा तो’ हवा असेल तर एकाच पॅटर्नमध्ये उभी रेघ (|) घालावी.

ग्रेप टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. ‘व्हॅल्यू = ट्रू’ लावला की तो नावं देतो, आणि तसा लावला असता तर माझा पाऊस बरोबर आला असता. त्याच कॉलमांत बदल करून परत लिहायचं असेल, तर ‘:=’ या कॉलम जागच्या जागी बदलणाऱ्या चिन्हाच्या डावीकडे नावांची यादी लागते आणि तिथे पॅटर्न्स चालत नाही. तेवढ्यापुरता मी अजून ग्रेपच लिहितो, पण नेम्सच्या कंसात कोणतं टेबल आहे ते दोनदा वाचून.