बँड घेतला पावलं मोजायला, कामी आला झोपेसाठी

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला फिटनेस बँड आता पावसाळा आला तरी हातावर आहे. किंमत अडीच हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे बँड साधारण एकाच पठडीतले असतात आणि मला सांगायचंय ते त्यातल्या झोपेच्या पानाबद्दल.

आधी बाकीचं उरकते. पावलं ठीकठाक मोजतो, पण सिंहगड रोडने स्कूटरवरून स्वारगेटला जाऊन आलं की बसल्याजागी पावलं जमा होतात. खड्ड्यांचं श्रेय पायांना! जळालेल्या कॅलरींचा आकडा तर मी बघणंच सोडलं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी 2017 मध्ये सात उपकरणं तपासली होती, त्यातल्या सगळ्यात बऱ्या उपकरणाचा कॅलरीचा हिशेब सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होता. त्या भरवशावर कुणी संध्याकाळी बटाटेवडा खाऊ नये.

आता मुद्दा. माझी नोकरी हिंजवडीत आणि काम अमेरिकेच्या वेळेशी बांधलेलं. रात्री साडेनऊचा कॉल अकराला संपायचा, मग डोकं शांत होईपर्यंत मोबाईल, आणि एकला झोप. सकाळी सहाला डबे. डाएट मात्र शिस्तीत चालू होतं: मुगाचं धिरडं, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण, वाटीभर दही, रात्री ज्वारीची भाकरी. काटा खाली येत होता, हे खरं. पण सलवारीची नाडी होती तिथेच, आणि पर्वती चढताना पाय पूर्वीपेक्षा लवकर भरून येत. डाएटिशियनबाईंनी वजनाच्या नोंदी बाजूला सारल्या आणि बँडचं झोपेचं पान उघडायला सांगितलं. रोज पाच तासांच्या आसपास. त्या म्हणाल्या, "पोळ्या मोजताय, तास कोण मोजणार?"

त्यांनीच शिकागो विद्यापीठातल्या 2010 च्या प्रयोगाबद्दल सांगितलं. वजन जास्त असलेली दहा माणसं, दोन वेगळ्या गटांची तुलना नव्हे, तर त्याच माणसांवर दोनदा प्रयोग. कमी कॅलरींचं खाणं दोन्ही वेळी, पण एकदा दोन आठवडे रात्री साडेआठ तास अंथरुणात आणि एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, साधारण तीन किलो. फरक होता तो काय उतरलं यात. पूर्ण झोपेत चरबी 1.4 किलो गेली, अपुऱ्या झोपेत 0.6 किलो. उरलेली घट चरबीवाचूनच्या वजनाची, ज्यात स्नायू येतात. प्रयोग छोटा आहे, पण काटा खाली आणि नाडी तिथेच, याचा मला पहिल्यांदा काही अर्थ लागला. तेव्हापासून वजनाबरोबर कमरेवर टेपही लावते.

बदल काही फार थोर केले नाहीत. उशिराचे कॉल आठवड्यातून दोनच रात्री ठेवायचे, यासाठी मॅनेजरशी दोनदा वाद घातला. मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला. रस्त्यावरचा दिवा थेट उशीवर येत होता, म्हणून लक्ष्मी रोडवरून जाडसर कापड आणून पडदे शिवले. ऑफिसातली पाच वाजताची कॉफी बंद केली, आणि हे सगळ्यात अवघड गेलं. कॅफिनचा निम्मा अंश उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, म्हणजे ती कॉफी रात्री दहालाही अर्धी अंगात असते. झोप हळूहळू सात तासांच्या जवळ आली.

पहिला फरक काट्यावर दिसला नाही, चिवड्याच्या डब्यावर दिसला. कॉल संपला की मी ओट्यापाशी उभी राहून, दिवाही न लावता, स्टीलच्या डब्यात हात घालायचे. ही मूठ डायरीत कधीच लिहिली जायची नाही. आता त्या वेळी मी झोपलेली असते आणि डबा महिनाभर पुरतो. सासूबाईंनी आधी मलाच विचारलं, "अगं, चिवडा आवडला नाही का या वेळचा?" दुपारचं गोड खावंसं वाटणंही कमी झालं. यामागे भूक वाढवणारं घ्रेलिन आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन, या दोन हार्मोन्सचा हात असल्याचं सांगतात. 2022 मध्ये अमेरिकेतल्याच एका चाचणीत कमी झोपणाऱ्या 80 माणसांपैकी ज्यांची झोप सरासरी 1.2 तासांनी वाढली, त्यांचं खाणं दुसऱ्या गटाच्या तुलनेत दिवसाला 270 कॅलरींनी घटलं. आमच्या घरच्या हिशेबात अडीच पोळ्या. खायचं काय, याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

म्हणून नुसतं झोपून बारीक होता येतं असं समजू नका. ताटात मापच नसेल तर आठ तास झोपूनही पोट तेवढंच. माझं वजन आता पूर्वीपेक्षा सावकाश उतरतं, पण टेप खाली सरकलाय आणि पर्वती एका दमात होते.

बँडच्या तक्रारीही ऐका. सोफ्यावर निपचित पडून मालिका बघितली तर त्यालाही झोप म्हणतो. 'गाढ झोप', 'हलकी झोप' हे रंगीत पट्टे अंदाजच असतात, कारण खरी मोजणी डोक्याला तारा लावून लॅबमध्ये होते. मी फक्त एकूण तास बघते, तेही आठवड्याची सरासरी. रोज सकाळी गुण बघायला लागलं की कमी गुणांच्या धसक्यानेच पुढची रात्र जाते.

सगळ्यात मोठी गोष्ट नवऱ्याच्या बाबतीत कळली. तो जोरात घोरतो, मधेच श्वास अडकल्यासारखा थांबतो. गंमत म्हणून चार-पाच रात्री बँड त्याच्या हातात बांधला, तर 'उत्तम झोप'! डॉक्टरांनी मात्र ऐकल्याबरोबर झोपेची तपासणी करायला लावली आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा विकार, निघाला. घोरणं, दिवसा पेंगणं आणि वाढतं वजन एकत्र असेल तर बँड घेण्याआधी डॉक्टर गाठा.

रात्री कॉल, शिफ्ट किंवा लहान मूल असेल आणि डाएट करूनही कंबर हलत नसेल, तर स्वस्तातला बँड घ्यायला हरकत नाही. महागडा नको, तासांची बेरीज स्वस्तातलाही बरी करतो. पट्टा रोज धुवा. मे महिन्यात घामाने माझ्या मनगटावर पुरळ आलं होतं, तेव्हापासून मी तो फक्त रात्रीच बांधते.