व्हीएसएफटीपीडी, आठ महिन्यांनंतर: सर्व्हर दणकट, पण '५३०' हे काय उत्तर झालं?

व्हीएसएफटीपीडी म्हणजे लिनक्सवरचा एफटीपी सर्व्हर, फाइलींची देवाणघेवाण करणारा. आठ महिने अखंड चाललेल्या सर्व्हरबद्दल कुरकुर करायची तर ती वेगाची, मेमरीची किंवा क्रॅशची असावी. इथे त्यातली एकही नाही. जुन्यात जुन्या मशीनवरही हा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) पडून राहतो आणि रॅम मागत नाही. कुरकुर आहे ती फक्त एका ओळीबद्दल: '५३० लॉगिन इनकरेक्ट'. पासवर्ड चुकला तरी हेच, अकाउंटची मुदत संपली तरी हेच, शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणारा प्रोग्राम) यादीत नसला तरी हेच, पामच्या (लिनक्समधल्या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलचं नाव चुकलं तरी हेच. समोरचा माणूस मात्र शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबर आहे. आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं असतं.

इन्स्टॉल कसं करायचं यात शिरत नाही. नवा युजर जोडला, पासवर्ड दिला, तरी बाहेरून लॉगिन होत नाही, तिथून पुढचं लिहितो.

पहिला प्रश्न युजरला विचारायचा: पासवर्ड द्यायच्या आधीच नकार आला की नंतर? आधीच '५३० परमिशन डिनाइड' आलं, तर पासवर्डचा संबंधच नाही. कॉन्फिगमधली युजरलिस्ट_इनेबल ही सेटिंग चालू आहे आणि नाव युजर_लिस्ट फाइलमुळे अडकलंय. ही फाइल दुतोंडी आहे. युजरलिस्ट_डिनाय=येस (हेच डीफॉल्ट) असेल तर यादीतले लोक बाहेर, नो केलं तर यादीत नसलेले सगळे बाहेर. एकच फाइल कधी बंदीची यादी, कधी परवानगीची, आणि फाइलच्या नावावरून काहीच कळत नाही. 'धिस एफटीपी सर्व्हर इज अनॉनिमस ओन्ली' असं आलं तर लोकल_इनेबल बंद आहे. 'नॉन-अनॉनिमस सेशन्स मस्ट यूज एन्क्रिप्शन' आलं तर क्लायंट साध्या एफटीपीने येतोय, त्याला टीएलएस (एन्क्रिप्शन) निवडायला सांगा. म्हणजे या सर्व्हरला नीट बोलता येतं. येत असूनही तो लॉगिनच्या बाबतीत बोलत नाही, चीड त्याची आहे.

पासवर्डनंतरच्या ५३० चा सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे शेल. फाइल टाकणाऱ्या माणसाला टर्मिनल मिळू नये म्हणून आपण शहाणपणाने त्याचा शेल 'नोलॉगिन' ठेवतो. पामच्या व्हीएसएफटीपीडी फाइलमध्ये पाम_शेल्स ही ओळ असते, आणि ती बघते की हा शेल /ईटीसी/शेल्स मध्ये आहे का. डेबियन लिनक्सवर नोलॉगिन तिथे नसतो, म्हणून ५३०. इंटरनेटवरचा लोकप्रिय सल्ला असा की नोलॉगिन त्या यादीत टाकून मोकळं व्हा. चालतं, पण ती यादी इतर प्रोग्रामही वाचतात. त्यापेक्षा /ईटीसी/पाम.डी/व्हीएसएफटीपीडी मधली पाम_शेल्सची एकच ओळ कॉमेंट करा, म्हणजे परिणाम या एका सेवेपुरताच राहतो. दुसरा गुन्हेगार कॉन्फिग कोऱ्या पानावरून लिहिणाऱ्यांना भेटतो. पाम_सर्व्हिस_नेमचं डीफॉल्ट 'एफटीपी' आहे, 'व्हीएसएफटीपीडी' नाही. त्या नावाची फाइल पाम.डी मध्ये नसेल तर पाम 'अदर' नावाच्या फाइलकडे जातं, आणि रेडहॅट घराण्याच्या लिनक्सवर तिथे सरसकट नकार असतो. पासवर्ड दहा वेळा बदलला तरी काही होत नाही.

इथे दोन तास वाचवणारं हत्यार म्हणजे पामटेस्टर, सर्व्हरला मध्ये न घेता पामची तपासणी करून बघणारी आज्ञा. रूट (मुख्य प्रशासक) होऊन 'पामटेस्टर व्हीएसएफटीपीडी युजरनेम ऑथेंटिकेट' चालवा. तिथे नापास, तर दोष पाममध्ये किंवा अकाउंटमध्ये. पास झालं तर 'अकाउंट मॅनेजमेंट'ची पायरीही तपासा, कारण मुदत संपलेलं अकाउंट तिथे अडकतं ('चेज -एल' तारीख सांगतं, 'पासडब्ल्यूडी -एस' अकाउंट लॉक आहे का ते). दोन्ही पास असूनही ५३० येत असेल तरच सर्व्हरच्या कॉन्फिगला हात लावा. रूटमधून 'एसयू' (युजर बदलण्याची आज्ञा) करून बघणं ही चाचणीच नव्हे, रूटला पासवर्ड कोण विचारतो?

मत बदललं ते लॉगच्या भानगडीत. बाहेरच्या माणसाला कारण न सांगणं बरोबरच आहे. 'हे नाव इथे नाही' असं सांगणारा सर्व्हर चोराला अर्धी किल्ली देतो. त्यामुळे ५३० ला दिलेल्या निम्म्या शिव्या मागे. पण घरच्या मालकाला तरी सांगशील? लॉगमध्ये सुरुवातीला मिळतं ते बहुतेक ट्रान्सफरची नोंद. त्यावर उपाय म्हणून लॉग_एफटीपी_प्रोटोकॉल=येस करायचं, सर्व्हर रीस्टार्ट करायचा, आणि लॉग तसाच मुका. कारण एक्सफरलॉग_एसटीडी_फॉरमॅट चालू असेल तर ही सेटिंग निमूट दुर्लक्षिली जाते, आणि रेडहॅट घराण्याच्या तयार कॉन्फिगमध्ये ते चालूच येतं. ते नो करा. मग /व्हार/लॉग/व्हीएसएफटीपीडी.लॉग मध्ये क्लायंटची प्रत्येक आज्ञा आणि सर्व्हरचं प्रत्येक उत्तर दिसायला लागतं. खरं कारण तरीही इथे नाही. ते पामच्या नोंदीत, म्हणजे डेबियनवर ऑथ.लॉग (डेबियन १२ पासून ती फाइल आपोआप तयार होत नाही, तिथे 'जर्नलसीटीएल') आणि रेडहॅटवर सिक्युअर या फाइलमध्ये. दोन खिडक्या शेजारी उघडून वेळ जुळवत बसायचं. काम झालं की प्रोटोकॉल लॉग बंद करा, डिस्क भरते.

कॉन्फिग फाइलचा सोवळेपणाही सांगायला हवा: बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस चालत नाही. 'येस'नंतर चुकून राहिलेली स्पेस डोळ्याला दिसत नाही, सर्व्हर मात्र 'बॅड बूल व्हॅल्यू' म्हणून उठतच नाही. लिसन आणि लिसन_आयपीव्ही६ दोन्ही येस केलेत तरी तो उठत नाही.

आता सगळ्यात फसवी चूक. फाइलझिला या एफटीपी क्लायंटमध्ये पासवर्ड गेल्यावर 'जीएनयूटीएलएस एरर -१५, अनपेक्षित टीएलएस पॅकेट' दिसतं आणि लोक सर्टिफिकेट नव्याने बनवायला बसतात. सर्टिफिकेट बहुधा ठणठणीत असतं. सर्व्हरने '५०० ऊप्स' हा निरोप एन्क्रिप्शनशिवाय, साध्या मजकुरात पाठवलेला असतो, आणि क्लायंटला ते पॅकेट बिघडलेलं वाटतं. सर्व्हरवरूनच, टीएलएस क्षणभर बंद करून लोकलहोस्टला लॉगिन करा, म्हणजे खरं वाक्य दिसेल. बहुतेक वेळा ते 'सीएचरूटच्या आत लिहिता येण्याजोगा रूट' हेच असतं, म्हणजे युजरला ज्या घरच्या फोल्डरात कोंडलंय त्याच्या मुळाशीच त्याला लिहिता येतंय. २.३.५ पासून सर्व्हर असं घर नाकारतो. ३.० मध्ये अलाव_रायटेबल_सीएचरूट ही पळवाट आली (त्यातल्या रायटेबलच्या स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर 'ई' आहे, ती गाळली की सर्व्हरला सेटिंग ओळखू येत नाही). पळवाटेपेक्षा घराचा लिहिण्याचा हक्क काढा आणि आत 'अपलोड' नावाचा फोल्डर युजरच्या मालकीचा करा.

'लॉगिन होत नाही' या तक्रारींतल्या बऱ्याच मुळात लॉगिनच्या नसतातच. लॉगमध्ये '२३०' दिसला म्हणजे लॉगिन झालं, अडलंय ते फाइलींच्या यादीवर. पॅसिव्ह मोडमध्ये (फाइलींसाठीची वेगळी जोडणी क्लायंट उघडतो, तो मोड) सर्व्हर २२७ च्या उत्तरात सहा आकडे देतो. पहिले चार म्हणजे आयपी, शेवटच्या दोनांचा पोर्ट: १५६,६४ असेल तर १५६ गुणिले २५६ अधिक ६४, म्हणजे ४००००. आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर सर्व्हर नॅटच्या (राउटरमागच्या खासगी नेटवर्कच्या) आतला पत्ता बाहेर सांगतोय. पीएएसव्ही_अ‍ॅड्रेसमध्ये बाहेरचा आयपी द्या. तिथे डोमेन नाव द्यायचं असेल तर पीएएसव्ही_अ‍ॅडर_रिझॉल्व्हही येस हवं. पीएएसव्ही_मिन_पोर्ट ४००००, मॅक्स ४०१००, आणि नेमके तेवढेच पोर्ट फायरवॉलमध्ये उघडे.

'काल चालत होतं, टीएलएस लावल्यावर बंद पडलं' याचं मूळही इथेच आहे. फायरवॉलमधला कॉनट्रॅक हेल्पर एफटीपीचं संभाषण वाचून पोर्ट आपणहून उघडायचा. टीएलएसनंतर त्याला काही वाचताच येत नाही. लिनक्स कर्नल ४.७ पासून तर तो हेल्पर आपोआप लागतही नाही. क्लायंटला '५२२, सेशन रीयूज रिक्वायर्ड' आलं तर तो डेटा जोडणीसाठी आधीचं टीएलएस सेशन वापरत नाहीये. रिक्वायर_एसएसएल_रीयूज=नो केल्यावर चालतं, पण त्या अटीमुळेच डेटा जोडणी करणारा तोच माणूस आहे याची खात्री पटत असते. आधी क्लायंट अपडेट करा.

मधल्या काळात निम्मे युजर ओपनएसएसएचच्या एसएफटीपीवर (एसएसएचमधून फाइली पाठवण्याच्या पद्धतीवर) हलवले. एकच पोर्ट, पॅसिव्हची कटकट नाही. मूग गिळून बसण्याची सवय मात्र तिथेही आहे. तिथे सीएचरूटच्या वाटेवरचा प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचा हवा आणि इतर कुणालाही तिथे लिहिता येता कामा नये. नाहीतर पासवर्ड मान्य होऊन लगेच जोडणी तुटते, आणि कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये. ८.८ पासून जुन्या एसएचए-१ सह्यांची आरएसए पद्धत बंद आहे, त्यामुळे जुने क्लायंट चावी बरोबर असूनही बाहेर राहतात. ९.८ पासून वारंवार चुकणाऱ्या आयपीला सर्व्हर स्वतःच काही काळ दाराबाहेर ठेवतो, तेव्हा दुरुस्ती केल्यावर लगेच 'अजून होत नाही' म्हणू नका. आणि 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५' दिसलं तर घाबरू नका. तो आकडा म्हणजे 'वेलकम' या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं. युजरच्या बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये) कुणीतरी स्वागताची ओळ छापून ठेवली आहे, आणि क्लायंट तिला पॅकेटची लांबी समजतोय. ओळ काढा किंवा इंटर्नल-एसएफटीपी (सर्व्हरच्या आतलंच एसएफटीपी) लावा, मग शेल मध्ये येतच नाही.

उरलेले निम्मे व्हीएसएफटीपीडीवरच आहेत, कारण त्यांच्या स्कॅनरना आणि जुन्या मशीनना एफटीपीशिवाय दुसरं काही येत नाही. त्यांच्यासाठी पामटेस्टरची ती ओळ कॉन्फिग फाइलच्या डोक्यावर कॉमेंट म्हणून लिहून ठेवली आहे.