साठ ठोकळ्यांचा संच: पहिलीच्या इंग्रजीसाठी घेतला, त्याबद्दल

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पाटण तालुक्यातली. पहिली-दुसरी माझ्याकडे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. रंग आणि आकार शिकवायचे म्हणजे भिंतीवरचा तक्ता आणि सगळ्यांनी मिळून ‘रेड, ब्लू, यलो’, हेच मीही वर्षानुवर्षं करत आले. मुलं तक्त्याच्या क्रमाने घडाघडा म्हणतात. मधलाच रंग विचारला की पुन्हा ‘रेड’पासून सुरुवात.

या जूनमध्ये पदरचे साडेसहाशे रुपये घालून ॲट्रिब्यूट ब्लॉक्सचा प्लॅस्टिकचा संच मागवला. वर्तुळ, त्रिकोण, चौरस, आयत, षटकोन असे पाच आकार. लाल, निळा, पिवळा हे तीन रंग. त्यात लहान-मोठा आणि जाड-पातळ. एकूण साठ, आणि दोन ठोकळे हुबेहूब सारखे सापडणार नाहीत. झोल्तान डीन्स या गणितज्ञांनी असे ठोकळे शाळांमध्ये रुजवले ते गणितासाठी. मला मात्र ते भाषेच्या तासालाच जास्त उपयोगी पडले.

कारण सांगते. तक्त्यावर पिवळ्यापुढे केळं असतं. मूल ‘यलो’ शिकलं की ‘बनाना’, हे आपल्याला कळतच नाही. मागच्या वर्षी एका मुलीने हळदीला ‘बनाना’ म्हटलं होतं. आता मी पाच आकारांचे पाच पिवळे ठोकळे मांडते आणि फक्त ‘यलो’ म्हणते. पाचांत सारखं काय आहे, ते मूल स्वतः हुडकतं. तसंच चौकोनाचं. आमच्या मुलांच्या बोलण्यात चौरसही चौकोन आणि आयतही चौकोन. इंग्रजीत मात्र स्क्वेअर वेगळा, रेक्टँगल वेगळा. दोन्ही हातात घेऊन एकावर एक ठेवल्यावर उरलेली कड बोटाला लागते, मग वेगळं सांगावं लागत नाही.

एकाने विचारलं, “बाई, चेंडू पण यलो आणि साडी पण यलोच?” पिवळा, पिवळी, पिवळं यांत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडणारच. त्या दिवशी अर्धा तास आम्ही वर्गातली प्रत्येक पिवळी वस्तू ‘यलो’ म्हणत फिरलो.

सगळ्यात मोठा फायदा न बोलणाऱ्या मुलांना झाला. ऊसतोडीला येऊन इथेच राहिलेल्या कुटुंबातली एक मुलगी तीन आठवडे तोंड उघडत नव्हती. ‘गिव्ह मी अ बिग रेड सर्कल’ म्हटलं की अचूक ठोकळा आणून माझ्या हातावर ठेवायची. तिला सगळं समजत होतं. तक्त्यापुढे मला ते कधीच कळलं नसतं.

आता उणिवा. हिरवा रंगच नाही. तो मी पानं आणून शिकवला. ‘थिक’ आणि ‘थिन’ मुलांना ऐकायला एकच वाटतात, शेवटचं अक्षर कानात ठरत नाही. म्हणून पहिले दोन-तीन महिने जाड तीस ठोकळे डब्यातच ठेवा, हा माझा आग्रहाचा सल्ला. डब्याचं झाकण महिन्याभरात तडकलं. ठोकळे मात्र रोज फरशीवर पडूनही शाबूत आहेत, रंगही गेलेला नाही. वर्गासाठी जरूर घ्या. घरी एकाच मुलासाठी पुठ्ठ्याचे कापून केले तरी चालतील.

आणि माझ्या संचात ठोकळे ५९ निघाले. विक्रेत्याला दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. कोणता कमी आहे हे मी मुलांना सांगितलं नव्हतं. सप्टेंबरात त्यांनी पातळ ठोकळ्यांच्या रांगा लावल्या, वर मोठे, खाली लहान, रंगाखाली रंग. लालच्या रांगेत एक जागा रिकामी राहिली. सगळा वर्ग त्या जागेभोवती ओणवा. “स्मॉल…” एक म्हणाला. “रेड,” दुसरी. मग बराच वेळ शांतता, आणि त्या ऊसतोडीवाल्यांच्या मुलीने अडखळत पूर्ण केलं: “हेक्झागॉन.”

दुसऱ्या दिवशी जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून, लाल तेलखडूने रंगवून त्यांनी तो बनवला. आता खेळ सुरू झाला की सगळ्यांना आधी तोच हवा असतो.