नॉन जीएम सोयाबीन तेल: तेलाला चार स्टार, लेबलला दीड

आधी तेलाबद्दल सांगून टाकते कारण बरेच जण तेवढंच वाचायला येतात. तेल चांगलं आहे. रंग फिका, वास जवळपास नाहीच, तळताना फेस येत नाही. झाकण मात्र पहिल्याच दिवशी ढिलं झालं आणि ओट्यावर बाटलीच्या बुडाचा चिकट गोल उमटलाय तो किती घासला तरी जात नाही. एरवी मी रिव्ह्यू लिहायच्या भानगडीत पडत नाही, पण ह्या बाटलीवर पुढे हिरवं पान काढून मोठ्या अक्षरात "नॉन जीएम" (म्हणजे ज्याच्या बियाण्याचे जीन लॅबमध्ये बदललेले नाहीत असं) लिहिलंय आणि त्या पानाचे शेजारच्या साध्या बाटलीपेक्षा जास्त पैसे लावलेत आणि मी ते मुकाट दिलेत, त्यामुळे आता बोलणार.

बाटली मागे फिरवली तर घटकांत फक्त "रिफाइंड सोयाबीन तेल". नॉन जीएम म्हणजे कोणी तपासलं, कशावर तपासलं, चुकून थोडं मिसळलं तर किती टक्क्यांपर्यंत चालतं, कशाचाच पत्ता नाही. कस्टमर केअरला मेल टाकला. पहिलं उत्तर आलं की आपलं आरोग्य हेच आमचं ध्येय वगैरे. परत विचारलं. आठ दिवसांनी एक पीडीएफ आली, लॅबचा शिक्का, सही, सगळं झकास. सॅम्पलच्या रकान्यात "रिफाइंड तेल", निकालाच्या रकान्यात "जीएम डीएनए आढळला नाही". नवरा म्हणाला झालं ना समाधान आता.

कसलं समाधान! जीएमची टेस्ट शोधते डीएनए किंवा प्रोटीन, आणि रिफाइंड तेलात दोन्ही जवळपास उरतच नाहीत. बी दळून त्यातून तेल काढतात, मग गम काढतात, आम्लं काढतात, रंग काढतात, शेवटी दोनशे डिग्रीच्या वर तापवून वास काढतात, एवढ्या सगळ्यातून काही डीएनए राहिलाच तर तो इतका तुकड्या-तुकड्यात असतो की नेहमीच्या टेस्टला भरवशाने सापडत नाही. म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या जीएम सोयाबीनचं तेल ह्याच लॅबला दिलं असतं तरी बहुतेक हाच रिपोर्ट आला असता. भांडी घासून झाल्यावर त्यात काय शिजलं होतं ते शोधायचं, तसली गत. तपासायचं तर तेल काढायच्या आधीचं बी तपासायला हवं आणि शेतापासून कारखान्यापर्यंत तो माल वेगळा ठेवल्याची कागदपत्रं हवीत. ह्या लेबलची खरी किंमत त्या कागदांत आहे आणि नेमके तेच मला कोणी दाखवेना.

ह्यात नुसती कंपनीच लबाड आहे असंही नाही हं, मोठमोठ्या देशांचंही ह्याच मुद्द्यावर एकमत नाही. युरोपियन युनियनमध्ये जीएम सोयाबीनचं तेल असेल तर डीएनए सापडो न सापडो लेबलवर लिहावंच लागतं, चुकून मिसळलेलं 0.9 टक्क्यापर्यंत माफ. अमेरिकेत 1 जानेवारी 2022 पासून जो सक्तीचा नियम आला त्यात 5 टक्क्यांपर्यंत माफी, शिवाय डीएनए सापडत नसेल तर तेलाला, साखरेला सूट ठेवली, ज्यावरून पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या. जपानमध्येही तेलाला सक्ती नाही, पण एप्रिल 2023 पासून सोयाबीन किंवा मक्याच्या मालावर "जीएम नाही" असं छापायचं तर त्यात काहीच सापडता कामा नये. म्हणजे एकच तेल, एकाकडे जीएम, दुसऱ्याकडे नुसतं तेल.

आता तुम्ही म्हणाल की जास्त पैसे दिलेस म्हणजे घाबरलीसच ना. थोडी घाबरले होते, खोटं कशाला बोलू, जीएम मका खायला घातलेल्या, मोठमोठ्या गाठी आलेल्या उंदरांचे ते फोटो मीही बघितलेत. तो 2012 चा फ्रान्समधला अभ्यास, एका गटात जेमतेम 10 उंदीर आणि जात अशी की म्हातारपणी तिला एरवीही गाठी होतात, 2013 मध्ये तो छापणाऱ्या जर्नलनेच तो मागे घेतला, पुढच्या वर्षी दुसऱ्याने परत छापला. दुसरीकडे अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज ह्या विज्ञानसंस्थांनी 2016 साली 900 च्या वर अभ्यास चाळून सांगितलं की बाजारातल्या जीएम पिकांपासून माणसाला साध्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा पुरावा दिसत नाही. मला हे पटतं. पण म्हणून जीएम म्हटलं की डोळे मिटून पास असंही नको, कारण एकदा ब्राझील नटचा जीन सोयाबीनमध्ये टाकला होता आणि नटबरोबर त्याची अ‍ॅलर्जीही सोयाबीनमध्ये आली, 1996 मध्ये ते छापून आलं आणि ते बियाणं बाजारात गेलंच नाही. प्रत्येक पीक वेगळं तपासायला लागतं ते ह्यासाठी. आणि फवारणीचं काय तर तो वेगळाच विषय, नॉन जीएम म्हणजे बिनफवारणीचं असं कुठेच लिहिलेलं नाही, ते आपणच त्या हिरव्या पानात वाचतो.

मग मला लेबल हवं की नको? हवं. तब्येतीसाठी नाही, बियाणं कोणाचं, शेतात काय पेरलं गेलं, हे कळावं म्हणून हवं, आणि ज्याला त्यावरून पैसे द्यायचेत त्याने खुशाल द्यावेत. पण मग कागद दाखवा. त्याच दुकानात मिठाच्या पुडीवरही "नॉन जीएम" बघितलं, मिठाला जीन असतो का हो!

दुसरा मेल टाकलाय, तेलाचा नको, बियांचा रिपोर्ट पाठवा म्हणून. तीन आठवडे झाले, बाटली अर्ध्यावर आली, उत्तर नाही. आलं तर इथेच खाली टाकेन. तोपर्यंत ही बाटली घेणार असाल तर खाली ताटली ठेवा.