नागपूर स्टेशनचा हेरिटेज वॉक: बिल्डिंग भारी, गाइड ठीकठाक

मागच्या रविवारी सकाळी साडेसहाचा वॉक केला, माणशी अडीचशे, प्लॅटफॉर्म तिकीट वेगळं. एका छोट्या ग्रुपचा आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण थोडी कुरकुर करणार आहे आणि पोट्टे मेहनती आहेत.

पैसे वसूल झाले ते पश्चिमेच्या जुन्या बिल्डिंगमुळेच. अख्खा जन्म इथे गेला, शंभरदा तरी इथून गाडी पकडली असेल, पण नेहमी एका हातात बॅग अन् दुसऱ्या हातात पोरगं, मान वर करून बघतो कोण! सावनेरच्या वालुकाश्माची बिल्डिंग आहे, म्हणजे दगड आपल्याच बाजूचा, जवळ जाऊन हात फिरवून बघा.

आता गाइड. आवाज खणखणीत, पण सुरुवातच केली की ही बिल्डिंग १८६७ ची. अरे भाऊ, १८६७ ला मुंबईकडून जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, लाइन नागपुरात पोचली, ही बिल्डिंग १५ जानेवारी १९२५ ची, उद्घाटन गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी केलेलं. मी हळूच सांगितलं तर "हो काका, तेच" म्हणाला. तेच कसं, मधे ५८ वर्षं गेली ना! आणि खरी गंमत तर पुढेच आहे, १९२५ ला मद्रासकडची सरळ लाइन पूर्णच नव्हती, बल्लारशा ते काझीपेट जोडलं गेलं १९२९ ला, तेव्हा कुठे दिल्ली-मद्रास गाडी नागपूरवरून सरळ जायला लागली. म्हणजे स्टेशन आधी थाटात उभं राहिलं अन् मग चारही दिशा जुळल्या. हे सांगितलं असतं तर लोकांनी कान टवकारले असते.

त्याऐवजी डायमंड क्रॉसिंगवर वीस मिनिटं. एका लेव्हलवर रूळ रुळाला कापून जातो ते, पण ते प्लॅटफॉर्मवरून दिसत नाही, तो नुसता बोट दाखवून "तिकडे आहे" म्हणतो आणि सगळे तिकडे बघून फोटो काढतात.

छोट्या गाडीचं मात्र एक वाक्यही नाही! अडीच फुटी रुळांवरची छिंदवाड्याची गाडी २०१५ ला बंद झाली, नागभीडची २०१९ ला, आमच्या घरी अजून तिचा विषय निघतो. ती आठवण ज्यांना आहे त्यांनी कडबी चौकाजवळ मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम आपलं आपण बघून यावं.

पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन दगडाचे. जायचं तर हिवाळ्यात जा आणि भेटायची जागा फोन करून पक्की विचारा, मी पूर्वेच्या संत्रा मार्केटच्या गेटवर उभा अन् सगळे पश्चिमेला, अर्धी बिल्डिंग तर माझी धावतच बघून झाली.