ॲप्लिसियातल्या स्पर्शपेशी : सायफनच्या निवडाव्यात की जिभेच्या?

ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीत स्पर्शाचा अभ्यास करायचं ठरलं, की बहुतेक विद्यार्थी थेट सायफनच्या (पाणी बाहेर सोडणाऱ्या मांसल नळीच्या) संवेदी पेशींकडे वळतात. त्यात चूक काहीच नाही. पण प्राणी खात असताना काम करणाऱ्या स्पर्शपेशीही एकदा पाहाव्यात आणि मगच ठरवावं, असं मला मनापासून वाटतं.

सायफनच्या या संवेदी पेशींना एलई म्हणतात. त्या उदर-गँग्लियनमध्ये, म्हणजे पोटाकडच्या चेतापेशींच्या गाठीत असतात. सायफनला स्पर्श झाला की कल्ला आत ओढला जातो, आणि या पेशी त्या हालचालीच्या प्रेरक (स्नायू हलवणाऱ्या) चेतापेशींशी थेट जोडलेल्या असतात. तोच स्पर्श वारंवार केला की ही जोडणी दुबळी पडते, सेरोटोनिन हे चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन मिळालं की बळावते. चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांना २००० साली मिळालेल्या नोबेलमागे याच मार्गावरचं काम होतं. शिकणं आणि स्मृती हा तुमचा विषय असेल, तर एलई घ्या. इतका भक्कम पाया दुसरीकडे मिळणार नाही. हलका स्पर्श अभ्यासायचा असेल तर मात्र जपून. १९९७ साली इलिच आणि वॉल्टर्स यांनी दाखवलं, की या पेशी मुख्यतः इजा करणाऱ्या उद्दीपनाची नोंद घेतात.

खाताना काम करणारी स्पर्शपेशी म्हणजे बी२१. तिचं घर वेगळं, तोंडाजवळच्या मुख-गँग्लियनमध्ये. तिचा एक तंतू रॅड्युलाखालच्या ऊतीत जातो. रॅड्युला म्हणजे अन्न पकडून आत ओढणारी दातेरी जीभ. अन्न तिला टेकलं की बी२१ मध्ये आवेग, म्हणजे विद्युत संदेश, उठतात. दुसरा तंतू बी८ पर्यंत पोचतो. बी८ ही रॅड्युला मिटवणारी प्रेरक पेशी. म्हणजे अन्न हाती लागलंय ही खबर पकड घट्ट करणाऱ्या पेशीला मिळते. पण ती प्रत्येक वेळी मिळत नाही, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. पेशी विश्रांत असताना परिघाकडून आलेला आवेग या दुसऱ्या तंतूत शिरतच नाही. जीभ आत ओढली जाताना मध्यवर्ती चेताजाळं बी२१ चं विध्रुवण करतं, म्हणजे तिचा विद्युतदाब चेतण्याच्या दिशेने ढकलतं, तेव्हाच वाट मोकळी होते. स्पर्श तोच, पण तो पुढे पोचणार की नाही हे घासाच्या टप्प्यावर ठरतं. शिवाय त्या ऊतीच्या आकुंचनानेही ही पेशी चेतते, त्यामुळे ती जिभेच्या स्वतःच्या हालचालीचीही दखल घेते. सायफनच्या प्रतिक्षिप्त क्रियेत हे पाहायला मिळत नाही.

तिसरी उमेदवार सी२, मस्तिष्क-गँग्लियनमधली. तोंडाभोवतीचा स्पर्श टिपणारी ही पेशी संदेशासाठी हिस्टामिन हे रसायन वापरते आणि सेरोटोनिन सोडणाऱ्या एमसीसी या मोठ्या पेशीला चेतवते. खाण्याच्या उत्तेजित अवस्थेत रस असेल तरच तिच्याकडे जा. पहिल्या प्रकल्पासाठी मी ती सुचवणार नाही.

तयारीचा विचार केला तर एलई सोपी. एक उद्दीपन द्या, एक प्रतिसाद मोजा. बी२१ साठी चघळण्याची लय चालू हवी आणि टप्पे ओळखता यायला हवेत, म्हणून कष्ट जास्त. हालचाल चालू असताना स्पर्शाचं काय होतं हा प्रश्न असेल, तर ते कष्ट घ्याच. मात्र एक इलेक्ट्रोड बी८ मध्ये हवाच. बी२१ च्या पेशीकायेत (पेशीच्या मुख्य भागात) आवेग दिसला म्हणजे तो पुढे पोचला, असं धरून चालता येत नाही.